एकेक झाड उरलेली बेटं

पुण्या-मुंबईत सोसायटीच्या फाटकाशी, बँकेच्या दारात, मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांपाशी कधीकधी एक बुटका पाम दिसतो. बुंधा खाली फुगलेला, वर निमुळता. नर्सरीवाले त्याला बॉटल पाम म्हणतात. (रॉयल पामलाही ते बिनदिक्कत हेच नाव लावतात, तेव्हा विकत घेताना नीट बघून घ्यावं.) या पामचं मूळ गाव म्हणजे मॉरिशसच्या उत्तरेचं राउंड आयलंड. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचा ज्वालामुखीचा खडक. तिथं कुणीतरी बकऱ्या आणि ससे सोडले आणि त्यांनी बेट ओरबाडून खाल्लं. जगभरच्या बागांत हा पाम उदंड वाढत होता, तेव्हा त्याच्या स्वतःच्या बेटावर मोठी झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बकऱ्या 1979 मध्ये हटवल्या, ससे 1986 मध्ये, आणि मग कुठे तिथं रोपांनी डोकं वर काढलं.

राउंड आयलंडवर पर्यटकांना उतरू देत नाहीत आणि तेच बरं आहे. पण ही हकिगत वाचल्यापासून मॉरिशसकडे बघायची माझी नजरच बदलली. आपल्याकडून तिथं लोक हनिमूनला जातात. आम्ही दोघं गेलो ते मुलगी कॉलेजात गेल्यावर, आणि तेही रोपवाटिका बघायला. ट्रॅव्हल एजंटाला मी ठिकाणांची यादी दिली, तेव्हा त्यानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, “मॅडम, यात बीच कुठेय?”

विमानतळावरून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊस. कोल्हापूरच्या माणसाला परदेशात आल्याचा पत्ताच लागू नये इतका ऊस. तो 1639 मध्ये डचांनी जावाहून आणला. हरणंही त्याच वर्षी, तिथूनच. त्याआधी या बेटावर माणसाची वस्तीच नव्हती. डच पहिल्यांदा 1598 मध्ये उतरले, 1638 मध्ये राहायला आले, किनाऱ्याकडचा आबनूस तोडून जहाजं भरली आणि 1710 मध्ये बेट टाकून निघून गेले. डोडो तोवर संपला होता. मग फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रज आले, उसासाठी रान साफ होत गेलं, आणि ऊस तोडायला 1834 पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर येऊ लागले. आज बऱ्या अवस्थेतलं मूळ रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. सुमारे 690 देशी सपुष्प वनस्पती, त्यांतल्या 270 च्या वर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि या 270 मधल्या बहुतेक सगळ्या धोक्यात.

गिरमिटियांत आपल्या कोकणातली, साताऱ्याकडची माणसंही होती. आमचे गाडीवाले काका त्यांच्याच वंशातले, पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागातले. मॉरिशसमध्ये 1896 पासून गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, हे त्यांनी विमानतळाच्या पार्किंगमध्येच सांगून टाकलं. त्यांची मराठी आरतीपुरती, आमची फ्रेंच मेनूकार्डापुरती. मधली दरी हिंदी सिनेमानं भरून काढली. मला ते ‘ताई’ म्हणत आणि आमच्या ह्यांना ‘सर’. झाडं बघायला आलोय म्हटल्यावर ते थेट पांप्लमूसच्या बागेकडे निघाले, कारण सगळे पर्यटक तिथंच जातात. मोठाली पानं तरंगणाऱ्या कमळांचं तळं तिथं आहे, फोटो छान येतात. पण त्या बागेतलं बरंचसं बाहेरून आणलेलं. तिथून लवकर निघालो.

क्यूरपीप हे बेटाच्या मधल्या पठारावरचं, ढगाळ आणि भिजकं गाव. महाबळेश्वरला जूनमध्ये जसं वाटतं तसं तिथं मे महिन्यातही वाटत होतं. तिथल्या वनस्पती उद्यानात कुंपणाच्या आत एक उंच, सडपातळ पाम आहे. भोवती लोखंडी परांची. शास्त्रीय नाव हायोफॉर्बे अमारिकॉलिस. म्हणजे आपल्या सोसायटीतल्या बॉटल पामचा सख्खा नातेवाईक. या जातीचं जगात माहीत असलेलं हे एकच झाड. बागेत कुणी लावलं की बाग आखली तेव्हा ते आधीच तिथं उभं होतं, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं.

आम्ही खालून मान वर करून बघत राहिलो. पावसानं बुंधा काळा पडलेला, वर झावळ्यांचा झुबका, आणि झावळ्यांच्या खाली फुलोऱ्याच्या वाळक्या काड्या लोंबत होत्या. म्हणजे झाड फुलतं! फुलतं, पण आधी नरफुलं उमलतात आणि ती गळून गेल्यावर मादीफुलं. दुसरं झाड शेजारी असतं तर एकाचा पराग दुसऱ्याला पोचला असता. एकट्या झाडाला स्वतःचाच पराग वेळेवर मिळत नाही. माणसांनी परांचीवर चढून पराग जपून ठेवला, हातानं लावला, फळंही मिळवली. बियांतले गर्भ प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवून बघितले. नळीत कोंब आले; नळीतून काढून मातीत लावल्यावर ती रोपं तगली नाहीत. पामचं आणखी एक दुखणं असं की त्याला फांद्या नसतात. गुलाबाची काडी खोचावी तशी पामची काडी खोचता येत नाही. शेंड्याला एकच कोंब. तो छाटला की झाड गेलं. या बेटावर चक्रीवादळं येतात, तेव्हा बागेतल्या माळ्यांना झोप कशी लागत असेल कोण जाणे.

काका गाडीशी थांबले होते. “हेच बघायला आलात?” त्यांनी विचारलं. शाळेच्या सहलीत ते इथं आले होते म्हणे, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरीकडे, एका रोपवाटिकेत, मला या बेटावरचं सर्वांत देखणं फूल कुंडीत बघायला मिळालं. नेसोकोडॉन. धबधब्याजवळच्या उभ्या कड्यांवर वाढणारी ही वनस्पती. घंटेच्या आकाराचं फिकट निळं फूल आणि आत मध, पण लालभडक. बोटानं फूल जरा वर उचललं तर पाकळीच्या तळाशी रक्ताचा थेंब साकळावा तसा तो मध दिसला. हा रंग इथल्या हिरव्या पालींसाठी. या बेटावर मधमाशीचं काम बऱ्याच ठिकाणी पाली करतात, आणि रंगीत मध दिसला की त्या फुलाकडे वळतात. कड्यावर ही झाडं फार थोडी. कुंडीत मात्र बियांपासून छान येतात. अशा कुंड्या बघताना माणूस सुखावतो, आणि गफलतही तिथंच होते. कुंडीत झाड आलं म्हणजे झाड वाचलं, असं वाटायला लागतं.

तसं ते का नाही, हे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात गेल्यावर दिसतं. 1994 मध्ये घोषित झालेलं, सुमारे साडेसहा हजार हेक्टरचं हे उद्यान. लांबून डोंगर हिरवेगार दिसतात. जवळ गेलं की कळतं, ही हिरवाई बहुतेक पेरूची आहे. आपला पेरू नव्हे; लाल, लिंबाएवढा, ब्राझीलहून आलेला ‘चिनी पेरू’. बोटाएवढ्या जाडीची, गुळगुळीत, तांबूस सालीची खोडं इतकी दाटीवाटीनं उभी असतात की मध्ये हात घालायला जागा नाही. खाली अंधार. त्या अंधारात देशी झाडाचं बी पडलं तरी रुजून वर येणार कसं? मोठी झाडं अजून उभी आहेत, दोनशे-तीनशे वर्षांची. पण त्यांच्यामागे पोरंबाळं नाहीत.

आणि गंमत अशी की हा पेरू लोकांचा जीव की प्राण. ऐन हंगाम होता. काकांनी रस्त्याकडेला गाडी थांबवून पिशवीभर घेतले, वर मीठ-मिरची. आंबटगोड, फार चांगले लागतात. सुट्टीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं पेरू तोडायला डोंगरावर जातात. तण आणि रानमेवा एकच असेल तर त्याच्याविरुद्ध मोहीम कशी चालवायची? शिवाय रानडुकरं आणि माकडं त्याच्या बिया पसरवतात, आणि शेपटीखाली लाल ठिपका असलेले ते दिमाखदार बुलबुल, म्हणजे आपल्याकडचे शिपाई बुलबुल, तेही पसरवतात. हे बुलबुल इथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यातून सुटले. आपल्या मैना आहेत. उंदरांवर उपाय म्हणून 1900 मध्ये आणलेले मुंगूस आहेत. आणि कोरड्या उतारांवर एक वेल मोठमोठ्या झाडांवर चढून त्यांना गुदमरवून टाकते, ती बघून मी चकितच झाले. माधवलता! सह्याद्रीत तिच्या फुलांचा वास आला तर आपले पाय थबकतात. इथं तिला कोयत्यानं बुंध्यापासून तोडतात.

उद्यानातल्या काही तुकड्यांना तारेची कुंपणं घातली आहेत, हरणं आणि डुकरं आत येऊ नयेत म्हणून. ब्रीझ-फेर, माकाबे, पेत्रँ अशी त्या जागांची नावं. पहिला असा तुकडा करून बरीच दशकं झाली. कुंपणाच्या आत माणसं काय करतात, तर निंदणी. दुसरा शब्द नाही. आम्ही बघितलं तेव्हा चार-पाच मजूर ओळीनं पुढे सरकत होते. पेरूची लहान रोपं मुळासकट उपटायची, मोठी बुंध्याशी कापायची आणि कापावर औषध लावायचं, नाहीतर महिन्याभरात फुटवे येतात. उपटलेली रोपं जमिनीवर टाकायची नाहीत, ओल्या मातीत ती पुन्हा धरतात. फांदीच्या बेचक्यात अडकवून ठेवायची. मुख्य म्हणजे उपटण्याआधी ओळखायचं. बोटभर उंचीचं पेरूचं रोप आणि तेवढंच एखादं देशी रोप, तेही असं की ज्याची साऱ्या जगात पन्नास झाडं असतील, एकमेकांना खेटून उभी असतात. एका मजुरानं मला दोन पानं हातावर ठेवून फरक दाखवला. एक पान चुरगळून हुंगायला दिलं. मला फरक कळला नाही. त्याला तो न बघता, नुसत्या बोटांना कळत होता. वनस्पतिशास्त्राच्या किती पदवीधरांना हे जमेल?

सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तीच फेरी, कारण कुंपण पक्ष्यांना अडवत नाही. पण कुंपणाच्या आत आणि बाहेर बघितलं की खर्च कशावर होतो ते समजतं. आत उजेड जमिनीपर्यंत पोचतो आणि पायाशी रोपांचा सडा पडलेला असतो, तोही न लावता आलेल्या. मॉरिशसमधले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ, क्लॉडिया बायडर आणि व्हिन्सेंट फ्लोरेन्स, यांनी अशा तुकड्यांवर बरंच काम केलंय. तण काढलेल्या जागी देशी झाडांना फुलं-फळं जास्त येतात, खाली रोपंही जास्त टिकतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे जिथं मूळ रान शिल्लक आहे तिथं रोपवाटिकेआधी खुरपं पाहिजे.

याच रानात तांबालाकोक नावाचं झाड आहे. त्याची गोष्ट फार गाजली. 1977 मध्ये स्टॅन्ले टेंपल या अमेरिकन संशोधकानं ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं की या झाडाचं कठीण कवचाचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नसावं; डोडो गेला आणि झाडाचा वंश थांबला; आता तीनशे वर्षांची तेराच झाडं उरलीत. त्यानं टर्की कोंबड्यांना जबरदस्तीनं ती बियाणं भरवली, काही त्यांच्या पोटात चिरडली, काही बाहेर आली, त्यातली तीन रुजली. गोष्ट इतकी सुंदर की शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. पुढे निघालं ते वेगळंच. बी डोडोशिवायही रुजतं; कवचाला मुळातच एक रेघ असते, तिथून ते टोपणासारखं उघडतं. तरुण झाडंही सापडली. बायडर-फ्लोरेन्स जोडीनं हिशेब मांडला तेव्हा झाडं शेकड्यांनी निघाली. आणि नुकसान कशानं होतंय, तर माकडं कच्ची फळंच तोडून टाकतात म्हणून. डोडोची गोष्ट मलाही आवडायची. पण डोडोला आता परत आणता येत नाही, तेव्हा ती ऐकून हळहळण्यापलीकडे काही करायचं उरत नाही. माकडं आणि पेरू म्हटलं की उद्या सकाळी कामाला जावं लागतं.

आग्नेय किनाऱ्यावर माएबूर गावाजवळ, किनाऱ्यापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर ईल ओ झेग्रेत हे 26 हेक्टरचं बेट आहे. होडीनं काही मिनिटांचा रस्ता. मॉरिशसच्या किनाऱ्याला पूर्वी जे आबनुसाचं कोरडं रान होतं, त्याचा शेवटचा धड तुकडा इथं उरला. 1965 मध्ये ते राखीव झालं, पण नुसतं राखीव म्हणून पाटी लावून काय होतं? लोक लाकूड तोडायचे, बकऱ्या चरायच्या. 1980 च्या दशकात मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेनं बेट चालवायला घेतलं तेव्हापासून खरी सुरुवात. उंदीर संपवले, तण उपटलं, आणि बेटावरच रोपवाटिका काढली.

आबनुसाचं रान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर उंच वृक्ष होते. इथला आबनूस डोक्याच्या जरा वर. जमीन प्रवाळाच्या चुनखडीची, टोकदार, खडबडीत. माती म्हणाल तर दगडाच्या फटीत मूठभर. वर खारा वारा. बरीच झाडं तोडलेल्या बुंध्यांतून पुन्हा फुटलेली, म्हणून एकेकाला तीन-चार खोडं. आपल्या टेंभुर्णीचाच हा भाऊबंद. पान हातात घेतलं तर तोच चिवट, चामड्यासारखा स्पर्श. टेंभुर्णीच्या पानाच्या विड्या झाल्या, याच्या लाकडाच्या पेट्या आणि पियानोच्या पट्ट्या. वाढ इतकी सावकाश की मनगटाएवढं खोड व्हायला माणसाचं आयुष्य जातं.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या ओळी होत्या. आपल्या वनखात्याच्या नर्सरीत असतात तशाच. फरक पट्ट्यांमध्ये. प्रत्येक ओळीला पट्टी, तिच्यावर जातीचं नाव, बी किंवा काडी घेतल्याची तारीख आणि ज्या झाडावरून घेतली त्याची ओळख. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एखाद्या जातीची वीस झाडं उरली असतील आणि त्यातल्या सहज हाताला येणाऱ्या एकाचंच बी दरवर्षी गोळा केलं, तर पुढचं सगळं रान एका आईचं. मग एक रोग आला की सगळं एकदम. शिवाय बागेत जवळच्या जाती शेजारी शेजारी लावल्या की त्यांचा संकर होतो. बॉटल पामच्या जातभाईंमध्ये तो धोका असतोच. म्हणून बी कुठल्याही बागेतून उचलून रानात टाकत नाहीत.

मी विचारलं, बी गोळा करून शीतपेटीत का ठेवत नाही? वाटाड्या मुलगी हसली. पावसाळी रानातल्या पुष्कळ झाडांचं बी वाळवलं की मरतं. आपल्या आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचं बी आठवा. ती ताजी असतानाच रुजतात. अशा झाडांना पेढीत ठेवता येत नाही. त्यांची बँक म्हणजे जमिनीवर उभं असलेलं रान किंवा बाग, आणि तिला रोज पाणी घालावं लागतं. आपल्याकडे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बागेत कंदीलपुष्पांच्या जाती जतन करून ठेवल्या आहेत, तिथंही असंच एकेका कुंडीपाशी थांबावं लागतं.

रोपवाटिकेच्या बाहेर रस्त्यात एक कासव आडवं बसलं होतं. हातगाडीएवढं. त्याला ओलांडून जाण्यापेक्षा ते उठेपर्यंत थांबणं सोपं. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं खलाशांनी खाऊन संपवली. ही सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची, इथं 2000 सालापासून सोडलेली. परकी कासवं आणायची की नाही यावर शास्त्रज्ञांत बराच खल झाला होता. पण त्यांनी काम चोख केलं. आबनुसाची फळं झाडाच्या बुंध्याला लागतात, पिकून खाली पडतात, कासव ती खातं आणि बी लांब नेऊन टाकतं. कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हेही 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. जिथं आबनूस तोडून संपला होता अशा जागी कासवांच्या शेणातून रोपं उठली. डोडोचं जे गृहीत धरलं होतं ते इथं कासवानं खरोखर करून दाखवलं. गुलाबी कबुतरंही दिसली, दोन, अगदी डोक्यावरच्या फांदीवर. 1990 च्या सुमारास रानात ती दहाच्या आसपास उरली होती. पाहुणे त्यांचेच फोटो काढत होते. पक्ष्याला चेहरा असतो, झाडाला नसतो. देणग्यांचंही तसंच होतं.

या बेटावर सर्वांत वाईट वेळ आली ती 2020 मध्ये. 25 जुलैला वाकाशिओ हे मालवाहू जहाज इथल्याच प्रवाळाच्या कड्यावर चढलं आणि 6 ऑगस्टपासून त्यातलं तेल सांडू लागलं. सुमारे हजार टन. संस्थेच्या लोकांनी दुर्मिळ पक्षी आणि रोपवाटिकेतली हजारो रोपं होड्यांनी किनाऱ्यावर हलवली. किनाऱ्यावर माणसं उसाचं पाचट कापडाच्या नळ्यांत भरून तेल अडवायच्या दोऱ्या शिवत होती. काहींनी त्यासाठी डोक्याचे केस कापून दिले. काकांच्या घरातलेही सगळे पाचट भरायला गेले होते. हे सांगताना ते पहिल्यांदाच तिथल्या क्रिओल भाषेत शिरले आणि बराच वेळ तिथंच राहिले.

रॉड्रिग्ज हे मॉरिशसचंच बेट, पण साडेपाचशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला. छोट्या विमानानं दीडेक तास. ऊस नाही, घाई नाही. 108 चौरस किलोमीटरचा कोरडा, डोंगराळ तुकडा, गाईबकऱ्या मोकाट. 1691 मध्ये फ्रान्स्वा लेगा नावाचा फ्रेंच निर्वासित इथं दोन वर्षं राहिला. कासवं इतकी होती की त्यांच्या पाठींवरून शंभर पावलं चालत जाता येई, असं त्यानं लिहून ठेवलंय. आता कासवं नाहीत, आणि ते रानही नाही.

इथल्या कॉफीच्या कुळातलं ‘कॅफे मारों’ नावाचं झाड संपलं असंच सगळे धरून चालले होते. 1980 च्या सुमारास एका शिक्षकानं मुलांना परिसरातल्या वनस्पती गोळा करून आणायला सांगितल्या आणि एका मुलानं रस्त्याकडेच्या झुडपाची फांदी आणली. तीच ती. या जातीचं जगातलं एकमेव झाड! बातमी फुटल्यावर गावकऱ्यांनी झाडाकडे धाव घेतली, कारण त्याचा पाला दारूच्या उताऱ्यावर आणि गुप्तरोगावर गुणकारी, असा समज होता. कुंपण घातलं, ते तोडून लोक आत गेले. मग दुसरं, मग तिसरं. म्हणजे ज्या झाडाकडे इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते दुर्मिळ ठरल्यावर जास्त धोक्यात आलं. आपल्याकडच्या जडीबुटीवाल्यांना ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

1986 मध्ये त्याच्या काड्या विमानानं लंडनच्या क्यू उद्यानात गेल्या. एक जगली. तिच्यापासून आणखी रोपं झाली, पांढरी चांदणीसारखी फुलं आली, वर्षानुवर्षं येत राहिली. फळ मात्र धरेना. सगळी रोपं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे, आणि त्या झाडाची फुलं वागायची नरफुलांसारखी. पराग कुक्षीवर टाकला तरी आत शिरत नव्हता. अखेर कार्लोस माग्दालेना नावाच्या स्पॅनिश माळ्यानं हट्टच धरला. कुक्षीचं टोक पात्यानं छाटायचं आणि उघड्या कापावर पराग ठेवायचा, असं तो पुन्हा पुन्हा करत राहिला. 2003 मध्ये फळ धरलं. काचघराच्या जास्त उबेच्या कोपऱ्यातल्या रोपांवर हे साधतं, असंही त्याच्या ध्यानात आलं. त्या बियांची रोपं झाली आणि पुढे ती रॉड्रिग्जला परतली.

सॉलिट्यूड इथल्या रोपवाटिकेत मी ती बघितली. आधी मला ती वाळलेली वाटली. लांब, चिंचोळी, गवताच्या पात्यासारखी पानं, तपकिरी, ठिपकेदार. शेजारच्या कुंडीतल्या मोठ्या झाडाची पानं मात्र रुंद, हिरवीगार, कॉफीच्या पानांसारखी चकचकीत. दोन्ही एकाच जातीची यावर विश्वास बसेना. अभ्यासक मानतात की हे कासवांसाठी होतं: कासवाच्या तोंडाला पोचेल तोवर रोप वाळक्या कचऱ्यासारखं दिसतं, आणि मान पुरत नाही एवढी उंची गाठली की खरी पानं काढतं. कासवं जाऊन दोनशे वर्षं झाली. रोप अजून सावध आहे. बकऱ्यांना असल्या सोंगाचं काही वाटत नाही.

ग्रांद मोंतान्य हे तिथलं राखीव रान. तिथं जुनं काही राखायचं फारसं उरलं नव्हतं, म्हणून पेत्रँसारखं नुसतं निंदून भागत नाही. पेरू, जांब आणि इतर परकी झाडं हटवून मोकळ्या झालेल्या जागेत एकेक देशी रोप आणून लावावं लागतं. शाळेची मुलं लावतात, स्वयंसेवक लावतात. केवड्याचे जातभाई, फांदीवर पांढरी-लाल फुलं येणारी इथलीच जास्वंद जिची रानात दोन-तीन झाडं होती, आणि मध्येमध्ये कॅफे मारों. सावली झाली तसे पक्षीही वाढले. रॉड्रिग्जचा वटवट्या 1970 च्या दशकात मोजक्या जोड्यांवर आला होता, आता हजारांत आहे. या वाढत्या झाडीचा त्यात मोठा वाटा. कामावरच्या बाईंना मी विचारलं, सगळ्यात त्रास कशाचा? दुष्काळ, वादळ असं काही उत्तर येईल वाटलं होतं. “फाटक,” त्या म्हणाल्या. कुणीतरी फाटक उघडं टाकतं, रात्री एखादी गाय आत शिरते आणि दोन वर्षांची लावणी सकाळपर्यंत साफ.

जायचं असेल तर मुंबईहून मॉरिशसला साधारण सहा तास लागतात, थेट विमान कधी असतं, कधी नसतं. ईल ओ झेग्रेतला वाटाड्याबरोबरच जाता येतं, जागा आधी सांगून ठेवावी लागते, आणि तिकिटाचे पैसे त्याच कामाला जातात. ग्रांद मोंतान्यलाही वाटाड्या घ्यावा; पाट्या आहेत, पण पाट्या वाचून पानं ओळखता येत नाहीत. बी किंवा रोप बॅगेत घालून आणायचा मोह आवरावा, दोन्हीकडच्या विमानतळांवर त्याला बंदी आहे. पेरू खायचे असतील तर मे महिना बरा. उरलेल्या बिया काका गाडीतल्या डब्यात टाकायला लावत होते, हे शेवटी शेवटी सुरू झालं. आधी तेही खिडकीतून फेकत असत.